तिच्या वाटणीची लस

उभी नोकरी मी पोरांना भूगोल शिकवला. फळ्यावर आफ्रिका काढायला मला नकाशा लागत नसे. डोळे मिटून काढली तरी पश्चिमेचा फुगवटा आणि खालचं निमुळतं टोक बरोबर जागेवर यायचं. मग लाल खडूनं विषुववृत्ताची रेघ मारायची आणि त्या रेघेवरचे देश पोरांकडून घोकून घ्यायचे. केनिया, युगांडा, काँगो. या देशांत शिरायला आधी दंडात सुई टोचून घ्यावी लागते हे एकाही पाठ्यपुस्तकात नव्हतं, आणि असतं तरी केज तालुक्यातल्या शाळेत त्याचं कुणाला काय पडलं होतं? आमची माणसं लांब जातात ती ऊस तोडायला, कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात. तिकडं जायला कोयता लागतो, लस लागत नाही.

आमचे जावई उसाच्याच वाटेनं युगांडापर्यंत पोचले. त्यांचे आईबाप तोडीला जायचे. पोरगं कारखान्याच्या आवारातल्या साखरशाळेत शिकलं, पुढं साखरेचंच शिक्षण घेऊन केमिस्ट झालं आणि तिकडच्या एका साखर कारखान्यात लागलं. लग्न झाल्यावर आमची एकुलती एक लेक त्यांच्यामागं गेली. तिला विमानात बसवून आलो त्या दिवशी बायको मला म्हणाली, "तुमीच लई शिकवला ना भूगोल? घ्या आता." जणू आफ्रिका मीच तिथं नेऊन ठेवली होती.

लेकीला दिवस गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या घरात दिवाळी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. सातव्या महिन्यात जावई तिला आणून सोडणार होते. बायकोनं मधली खोली सारवून-रंगवून घेतली, बाजेचा सुंभ नवा ओवून घेतला आणि आपल्या जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवायला बसली. नव्या कापडाचं दुपटं बाळाला टोचतं म्हणे. मी म्हटलं, तुझी लुगडी नेसून बाळ कंटाळंल. तर म्हणाली, "तुमी कंटाळलात का?"

पण पाचव्या-सहाव्या महिन्यातच तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं की बाळाची वार खाली आहे, कधीही रक्त जाऊ शकतं, विमान तर सोडाच, घराचा जिनासुद्धा उतरायचा नाही. लेकीला सासू नव्हती. सासरा गावाकडं दम्यानं अंथरुणाला. जावयाच्या कारखान्याचं गाळप जोरात, त्यांना पाळ्यांमागून पाळ्या. लेक फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तू ये." आणि मग नुसती रडत राहिली.

बायकोनं फोन ठेवला, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "तिला येता येत न्हाई तर माहेरच तिकडं न्यायचं. त्यात काय एवढं?"

जी बाई तुळजापूरला जाताना घराचं कुलूप दोनदोनदा ओढून बघते, ती हे म्हणत होती. मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. एकटी ती जाणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघांचेही पासपोर्ट काढले. पोलीस चौकशीला आले तेव्हा तिनं त्यांना चहा करून दिला आणि वर सांगितलं, लेकीच्या बाळंतपणाला निघालोत, उशीर करू नका.

माझा एक जुना विद्यार्थी अंबाजोगाईला डॉक्टर आहे. त्याच्याकडं जाऊन विचारलं की बाबा, परदेशी जायचं तर काय काय करावं लागतं. त्यानं नीट समजावून सांगितलं. विषमज्वराची लस घेतलेली बरी, एका प्रकारच्या काविळीची घेतलेली बरी, धनुर्वाताचं इंजेक्शन लागून गेलं असेल तर पुन्हा घ्या, मलेरियाच्या गोळ्या सोबत न्या. "ह्या सगळ्या सल्ल्याच्या गोष्टी, सर. पण पिवळ्या तापाची लस सक्तीची. ती घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर तिकडं उतरू देत नाहीत, आणि तिकडून परत येताना आपल्याकडंही अडवतात. कार्ड लागू व्हायला दहा दिवस जावे लागतात, तेव्हा ऐनवेळेवर ठेवू नका." ही लस आपल्या भागात मिळत नव्हती, पुण्याला जावं लागणार होतं. निघताना तो म्हणाला, "चालू औषधं असतील ती तिथं सगळी सांगा. ही जिवंत लस असते, सगळ्यांना चालत नाही." मी म्हटलं, मला रक्तदाबाची एक गोळी आहे, बायकोला काहीच नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिनं पदर बाजूला करून दंडावरचा लहानपणीचा देवीचा वण दाखवला. "ही हाय की टोचलेली. आनखी कशाला?" मी तिला मास्तरकीच्या आवाजात फरक समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पर आधी तुमी टोचून घ्या. मग मी."

आता तिच्या गुडघ्यांबद्दल सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी तिचे गुडघे इतके धरले की सकाळी बाजेवरून उठताना ती रडायची. अंबाजोगाईला दाखवलं, गोळ्या आणल्या, त्यांनी पोट बिघडलं. मग शेजारणीनं सांगितलं म्हणून ती एका खेड्यातल्या पुडीवाल्या डॉक्टरकडं गेली. जीपगाड्या भरभरून माणसं त्याच्याकडं जायची. तो कागदाच्या बारक्या पुड्या बांधून द्यायचा, आत पांढरी भुकटी. सकाळी एक, जेवल्यावर एक. आठवड्यात बायको उड्या मारायला लागली म्हटलं तरी चालेल. शेतात जाऊ लागली, हरभरा काढू लागली. अंगानंही भरली. वाळलेला चेहरा गोल गरगरीत झाला. पाव्हणे म्हणायचे, रिटायर झाल्यापासून गुरुजींनी बाईंना चांगलं खाऊपिऊ घातलेलं दिसतंय. मीही खूश होतो.

आणि आमच्याकडं पुडीला कुणी औषध म्हणत नाही. औषध म्हणजे दुकानातलं, पाकिटातलं, ज्याच्यावर तारीख असते ते. पुडी ही पुडी असते. सुपारीच्या चंचीत, कात आणि लवंगेच्या शेजारी ती असते. तिला काही औषध चालू आहे का असं कुणीही विचारलं असतं तरी आम्ही दोघांनी एकाच तोंडानं नाही म्हटलं असतं.

तसंच झालं. पुण्याच्या केंद्रावर ठरल्या वाराला लस देत. एक कुपी फोडली की ती तेवढ्यातच संपवावी लागते, म्हणून माणसं जमली की मगच फोडायची, अशी तिथली रीत. आम्ही रात्रभर एसटीनं गेलतो. बाकावर आमच्या शेजारी जहाजावर नोकरीला जाणारी तरुण पोरं, एक ठेकेदार, सफारीला निघालेलं एक श्रीमंत जोडपं. बायकोनं त्या जोडप्यातल्या बाईला विचारलं, "तुमची बी लेक तिकडंच हाय का?" ती बाई म्हणाली, नाही, आम्ही सिंह बघायला चाललोय. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मला दुसरीकडं तोंड करून हसावं लागलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. अंडं चालतं का, पूर्वी कुठल्या लसीचा त्रास झालाय का, कसला मोठा आजार, कुठली औषधं? आमचं वय साठीच्या वर म्हणून त्यांनी सगळं दोनदा विचारलं. या वयात ही लस जरा जपून द्यावी लागते, म्हणाल्या, पण जाणं गरजेचं आहे तर देऊ. माझी रक्तदाबाची गोळी त्यांनी लिहून घेतली. बायको म्हणाली, "मला कायबी न्हाई. मी ठणठणीत हाय."

ठरल्याप्रमाणं मी आधी आत गेलो. सुई लागली न लागली, दंड चोळत बाहेर आलो आणि म्हटलं, मुंगी चावल्यासारखं वाटतं, जा. रात्रभराच्या प्रवासानं तिचे गुडघे आखडले होते. उठण्याआधी तिनं चंची काढली, पुडी सोडली, जिभेवर टाकली आणि बाटलीतलं पाणी प्याली. दारात उभ्या असलेल्या सिस्टरनं ते बघितलं.

"काय घेतलंत काकू?"

"काय न्हाई. गुडघ्याची पुडी."

"बघू."

बायकोनं कौतुकानं चंचीच पुढं केली. कुणी मागितलं तर ती एखादी देऊनही टाकायची, एवढा तिचा त्या पुडीवर जीव. सिस्टरनं एक पुडी नेऊन डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्या बाहेर आल्या, बायकोसमोर बाकावर बसल्या आणि तिचा चेहरा बराच वेळ बघत राहिल्या. मग बाही वर करून हातावरचे निळे-काळे डाग बघितले. ते डाग आम्हाला माहीत होते. काम करताना काहीतरी लागतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

"किती वर्षं घेताय?"

"झाली की चार-पाच."

त्यांनी आम्हाला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, पुडीत नेमकं काय आहे हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, आणि काकूंचा चेहरा, हात सगळं तेच सांगतंय. वर्षानुवर्षं ते पोटात गेलं की अंगाची रोगाशी लढायची ताकद कमी होते. लसीतला तो अशक्त केलेला जंतू मग अशा अंगात अशक्त राहत नाही. "मी ही लस त्यांना देऊ शकत नाही. दिली तर लसच जिवावर उठेल."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, मग सूट मिळाल्याचं पत्र द्या, काही लोकांना देतात असं मी वाचलंय. त्या म्हणाल्या, "पत्र द्यायला काही नाही. पण काका, तिथं खरोखरचा ताप आहे. डासाला पत्र वाचता येत नाही. यांना मी तिकडं पाठवणारच नाही."

बायकोनं हात जोडले. "बाई, तुमी टोचा. कायबी झालं तर माझी मी. लेक एकटी हाय तिकडं." डॉक्टरीणबाईंनी तिचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले, आणि नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात बाहेरून सिस्टरनं आवाज दिला, कुपी फोडून ठेवलीय, पुढचं कोण? बायकोच्या वाटणीची लस त्या सिंह बघायला जाणाऱ्या बाईच्या दंडात गेली.

निघताना डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं की पुड्या एकदम बंद करू नका, शरीराला सवय झालीय, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करा. आणि माझ्या हातात माझं पिवळं कार्ड दिलं. "हे आता हयातभर चालेल, काका."

परतीच्या एसटीत बायको खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी डोकं फिरल्यासारखा त्या पुडीवाल्याला शिव्या देत होतो, तोंडातल्या तोंडात. मांजरसुंब्याच्या पुढं आल्यावर ती म्हणाली, "लेकीला काय सांगायचं?"

पोटुशी बाईला वाईट बातमी सांगत नाहीत. आमच्या घराण्यात मयतसुद्धा लपवून ठेवतात. तेव्हा आम्ही ठरवलं की लस संपली होती असं सांगायचं. फोन केला. मी म्हटलं, कुपी संपली गं, आम्हा दोघांनाही पुढच्या खेपेला या म्हणालेत. लेक म्हणाली, "एका सुईसाठी अडलं, अण्णा?" मी म्हटलं, सरकारी काम, चालायचंच. बायको शेजारी बसून पदराचं टोक पिळत होती.

दुसऱ्या दिवशी मी जीप धरून त्या पुडीवाल्याकडं गेलो. ओसरीवर ही गर्दी. तोडीला निघालेल्या बाया हंगामभराच्या पुड्या पिशव्यांत भरून घेत होत्या. मी थेट आत घुसलो आणि ओरडलो की या पुडीत काय आहे ते आधी सांगा. तो जागचा हललासुद्धा नाही. म्हणाला, "मास्तर, तुमच्या बाईला चालता येत होतं का न्हाई, ते सांगा." मी आणखी चढलो. तेव्हा रांगेतली एक बाई, माझ्या बायकोच्या वयाची असेल, वैतागून म्हणाली, "गुर्जी, कावून वरडायलात? आमची गाडी निघायलीय."

मी तिला म्हटलं, बाई, यात विष आहे.

"असू द्या इख," ती म्हणाली. "पाट तर वाकती."

तिच्यामागच्या बायका मी बाजूला व्हायची वाट बघत राहिल्या. मी बाजूला झालो. उभी नोकरी वर्गात आवाज चढवला की पोरं चळाचळा कापायची, इथं माझा आवाज कुणाच्या कामाचा नव्हता. मी हात हलवत परत आलो. तो आजही पुड्या बांधतो.

अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यानं तिला तपासलं. साखर वाढलेली, हाडं ठिसूळ झालेली. त्यानं पुडीच्या जागी मोजून गोळ्या दिल्या आणि त्या कशा टप्प्याटप्प्यानं कमी करायच्या ते समजावलं. बायकोनं एकच प्रश्न विचारला. "मंग लस कवा टोचता यील?" तो म्हणाला, काही महिने तरी लागतील, त्यानंतरही मी खात्री देत नाही. जीपमध्ये ती बोटांवर हिशेब करत होती. "तवर तर लेकरू रांगाया लागंल," म्हणाली.

घरी ती माझ्यासमोर गोळी हातात घ्यायची, पाणी प्यायची. मला वाटायचं, घेतेय. ती गोळ्या घेतच नव्हती. पुडीही नाही आणि गोळीही नाही. अंगातलं इख लवकर उतरलं तर लस लवकर मिळेल, हा तिचा हिशेब. तो तिनं मला सांगितला नाही, कारण मी ओरडलो असतो. मी खरंच ओरडलो असतो.

तिचे गुडघे पुन्हा धरले. जेवण कमी झालं. मी म्हटलं, काय होतंय? तर म्हणाली, लेकीची काळजी, दुसरं काय. त्यातही ती बाळंतविडा जमवत होती. मी तरी जाणारच, असं तिनं धरलं होतं, आणि मलाही तसं धरायला लावलं होतं. माझ्याबरोबर सामान पाठवायचं आणि आपण मागाहून यायचं. वेखंड, बाळगुटीची मुळं-हळकुंडं, सहाण, हाळीव, खारीक, दुपट्यांची चवड. बाळाला तेल कसं लावायचं ते ती मला उशीवर करून दाखवायची. मी उशी उलटी धरली की हसायची. ते तिचं शेवटचं मोकळं हसणं म्हणायला हवं.

एका दुपारी ती लाडवांसाठी डिंक तळत होती. मला कढईचा आवाज आला. जाऊन बघितलं तर ती चुलीशेजारी आडवी पडलेली, तूप जमिनीवर पसरलेलं, आणि अंग गार पडलेलं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी धावपळ करून तिला वाचवलं. शरीर स्वतः जे बनवतं ते पुडीच्या सवयीनं बनवायचंच विसरलं होतं, आणि हिनं बाहेरूनही बंद केलं. सलाइनमधून तिला तेच द्यावं लागलं, जे पुडीत होतं.

ती शुद्धीवर आली तशी म्हणाली, "लेकीला कळवू नका."

त्याच वॉर्डात असताना जावयाचा फोन आला. लेकीला अचानक रक्त जायला लागलं, लगोलग ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आधी, अगदी चिमणीएवढी. लेक शुद्धीवर यायची होती. माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं, ते लेकीला अजून सांगितलं नव्हतं. मी ते रद्द केलं. मग दोन दिवसांनी जावयांनी व्हिडिओ लावून दिला. लेकीचा चेहरा पांढराफटक. बायकोनं सलाइनचा हात चादरीखाली लपवला आणि मला फोन तोंडाजवळ धरायला लावला, म्हणजे मागची खाट दिसू नये. लेक म्हणाली, "आई, लई दुखायलंय गं." बायको म्हणाली, "व्हय माय. दुखतंय. पोटाला बांधून घी." लेक म्हणाली, कुणी बांधायचं? तिथं एक शेजारीण होती, तिकडचीच, चांगली बाई. तिला आमची भाषा येत नव्हती. बायको तिला हातानं हवेत दाखवत होती, असं गुंडाळ, असं आवळ. ती शेजारीण मान डोलवत होती. मग सिग्नल गेला आणि बायकोचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला.

बाळंतिणीलाही वाईट सांगत नाहीत. दूध आटतं. म्हणून बाळंतपणानंतरही आम्ही तेच सांगत राहिलो. लस आली नाही. लेक पहिल्यांदा चिडली, मग रडली, मग एकदा तुटक बोलली, "लोकांना बरी मिळते लस." त्या दिवशी मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. नंतर म्हणाली, "तिला माझा राग आलेला चालंल. माझा घोर नको."

हे होऊन वर्ष उलटून गेलं. नात अशक्त आहे, सारखी आजारी असते, जावयांना करार संपेपर्यंत सुट्टी नाही. येऊ येऊ म्हणतात. इकडं बायकोच्या खुब्याचं हाड खराब झालंय. ती भिंत धरून मोरीपर्यंत जाते. दोनदा छातीत कफ भरून दवाखान्यात राहून आली. तीच गोळी तिला आता जन्मभर घ्यायची आहे. फरक इतकाच की आता ती पाकिटात येते आणि तिच्यावर तारीख असते. मागच्या वेळी विद्यार्थी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, त्या लसीचा विचार आता सोडून द्या." मी सोडलाय. मला कसलीच आशा उरलेली नाही, आणि ते मी कुणाजवळ बोलत नाही. हिला एकटीला टाकून मी जाऊ शकत नाही, आणि हिला घेऊन जाता येत नाही.

बाळंतविड्याची पिशवी मधल्या खोलीत बाजेखाली आहे. हाळिवाला जाळी धरली, ते फेकून दिलं. दुपटी आहेत. नात आता दुपट्यात मावणार नाही.

परवा मी कपाट आवरत होतो तर पासपोर्टच्या घडीतून माझं पिवळं कार्ड खाली पडलं. मला त्याचा असा संताप आला की ते फाडायलाच निघालो होतो. बायको बाजेवरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हयातभर चालतंय म्हनल्या होत्या ना बाई?"

मी म्हटलं, हो.

"मंग ठिवा नीट. माज्या माघारी लेकीकडं जायला कामाला यील."

मी कार्ड परत पासपोर्टमध्ये ठेवलं.

रविवार होता. लेकीचा फोन रविवारी येतो. नात मागं किरकिरत होती. लेकीनं नेहमीसारखं विचारलं, आता राग नाही, नुसती सवय म्हणून विचारते ती, "अण्णा, लस आली का?" मी नेहमीसारखं नाही म्हणणार, तेवढ्यात बायकोनं हात पुढं केला. मी फोन तिच्या कानाला लावला.

"आली गं माय," ती म्हणाली. "पर तुज्या अण्णापुरतीच आली."